मागच्यानं पुढच्याला उठवायचं

उमैरला त्या दिवशी फक्त फरशा पोचवायच्या होत्या. सौदीत दम्मामच्या गोदामातून बाथरूमच्या फरशा भरायच्या, समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला खफजीपर्यंत यायचं, बॉर्डर ओलांडून कुवेतात माल उतरवायचा आणि रिकामा ट्रेलर घेऊन परत फिरायचं. नवी नोकरी, पहिली फेरी. यात भुताखेताचं काय असणार?

ही हकिकत माझ्या धाकट्या भावानं, सिराजुद्दीननं सांगितली. खफजीत त्याच्या घराच्या गच्चीवर, रात्रीची इशाची नमाज झाल्यावर. मी होते, माझी नात दुआ होती आणि नातू शारीक होता. खरं म्हणजे सांगायची होती ती शारीकलाच. पोरानं अवजड गाडीचं लायसन काढलंय. येत्या रविवारपासून तोही याच रस्त्यावर ट्रेलर चालवणार. सिराज खफजीच्या बॉर्डरवर ड्रायव्हर लोकांना कस्टमचे कागद करून देतो, सगळं आयुष्य त्यानं त्यातच घालवलं. ड्रायव्हर त्याला मामू म्हणतात, घरातली पोरंही मामूच म्हणतात.

भुतं असतात की नसतात हा वाद कुणी माझ्यापुढं घालू नये. मी माझ्या भावाला ओळखते. लहानपणी शेजाऱ्याच्या कैऱ्या पाडल्या तरी त्याला खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे आणि मार मला बसायचा. त्या रात्री त्याचे कान लाल नव्हते.

"मामू, रिअल स्टोरी आहे की फॉरवर्ड?" दुआनं विचारलं.

"तुझ्या मोबाइलमधलं मला काही येत नाही, बेटा. हा पोरगा माझ्या ऑफिसात माझ्यासमोर बसायचा. आता गप बस आणि चहा ओत."

तर उमैर. आपल्याच किनाऱ्यावरचा, दाभोळच्या खाडीकडचा, मच्छीमाराचा मुलगा. आधी एकदा जेद्दाला बलदच्या जुन्या बाजारात अत्तराच्या दुकानात कामाला होता, तेव्हा कोरोना आला आणि दुकानदारानं त्याला घरी धाडला. गावात लोक कसे असतात सांगायला नको. "उमैर परत आला" हे वाक्य त्यानं चार वर्षं ऐकलं. मशिदीत ऐकलं, बंदरावर ऐकलं, सासरी जेवताना ऐकलं. मग कुणाच्या तरी ओळखीनं ट्रेलरची नोकरी मिळाली. अट एकच, पहिले तीन महिने परीक्षेचे. निभावले तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पक्का. एक फेरी नाकारली तरी खलास, विमानात बसायचं.

निघताना त्याची बायको सादिया हसत म्हणाली होती, "या वेळी तीन महिन्यांच्या आत आलात, तर मीच तुम्हाला ओळख दाखवणार नाही. विचारीन, कोण तुम्ही?"

हसत म्हणाली होती. पण म्हणाली होती.

पहिल्या फेरीला त्याच्या सोबत दुसऱ्या ट्रेलरवर अशोक होता. कोल्हापूरकडचा, या रस्त्यावर म्हातारा होत आलेला, बोलायला तोंडाळ आणि मनानं साधा. खफजीच्या अलीकडे दोघांनी गाड्या बाजूला घेतल्या. ट्रेलरच्या पोटाला लोखंडी पेटी असते, त्यात ड्रायव्हरचा सगळा संसार, स्टोव्ह, पातेलं, कांदे, मसाला. अशोकनं अंडी केली, उमैरनं आईनं दिलेलं सुक्या बोंबलाचं कालवण काढलं.

"हे उघडू नको रे, कस्टमचं कुत्रं वेडं होईल," अशोक म्हणाला, आणि निम्मं स्वतःच खाल्लं.

खाता खाता त्यानं रीत सांगितली. "हे बघ, बॉर्डरवर रांग असते. कधी दोन तासांची, कधी दोन दिवसांची. माणूस जागा किती राहणार? झोपायचं. बिनघोर झोपायचं. रांग सरकली की मागचा ड्रायव्हर उतरतो आणि पुढच्याचं दार वाजवतो. यल्ला, चल. मग तो पुढच्याला उठवतो. मागच्यानं पुढच्याला उठवायचं. पठाण असो, इजिप्तचा मिसरी असो, मद्रासी असो, ही रीत कुणी मोडत नाही."

"चांगली रीत आहे."

"चांगली आहे. पण आधी नव्हती. एका माणसामुळं पडली."

तो माणूस कोण, कुठला, हे कुणालाच नीट माहीत नाही. ऐन ऑगस्टात तो या रांगेत झोपला. इंजिन चालू, एसी चालू. रांग सरकली, तो हलला नाही. लोकांना वाटलं, दमलाय, झोपू दे. वळसा घालून पुढं गेले. एक गेला, दुसरा गेला, शंभर गेले. डिझेल संपून इंजिन बंद पडलं तेव्हा कुणीतरी दार उघडलं. तो पहिल्याच रात्री गेला होता. कुणी एकदा दार वाजवलं असतं तर कदाचित वाचला असता, कदाचित नसता. पण वाजवलं कुणीच नाही.

"म्हणून रीत पडली," अशोक म्हणाला. "आता दुसरी गोष्ट ऐक. ही नव्या पोरांना सांगावी लागते. कधी कधी रात्री रांगेत पुढं एक जुनी गाडी असते. पांढरी केबिन, निळी ताडपत्री. रांग सरकते, ती सरकत नाही. इंजिनाचा आवाज येतो, एसीचा येतो. तेव्हा आधी खाली वाकून बघायचं. एसी चालू असला की गाडीखाली पाणी ठिबकतं, वाळू ओली होते. ओली असली तर माणूस आहे, वाजव दार. कोरडी असली..."

"तर?"

"तर वळसा घाल आणि पुढं जा. काच वर करून."

उमैर हसला. अशोक हसला नाही. मग पातेलं घासता घासता म्हणाला, "नवा नवरा आणि नवा ड्रायव्हर, दोघांना झोप कुठली. चल."

इथं शारीक मध्येच म्हणाला, "मामू, पण तो हसला का? त्याला पटलं नाही?"

सिराज म्हणाला, "त्याला आपल्या बापाची आठवण झाली होती."

उमैरच्या बापाची लाँच एकदा खोल पाण्यात बंद पडली होती. इंजिन गेलं, वायरलेस गेला, दिवे गेले. दोन रात्री तो तसाच वाहत होता. जवळून होड्या गेल्या. लोकांना वाटलं, जाळी टाकून झोपलेत. हाका मारून मारून त्याचा आवाज गेला होता. शेवटी एका होडीवाल्यानं अंधारातून विचारलं, "ओ... कोण आहे रे?" आणि दोर टाकला. तेव्हापासून त्या घरात एकच शिकवण, काळोखात बंद होडी दिसली तर हाक मारल्याशिवाय पुढं जायचं नाही. शिकवण चांगलीच. उमैर माझ्या घरात जन्मला असता तर मीही तीच दिली असती.

रात्र होती गुरुवारची. सन दोन हजार चोवीस, सप्टेंबरची बारा तारीख. म्हणजे जुम्म्याची रात. खफजीची हवा त्या दिवसांत ओल्या गोधडीसारखी अंगावर पडते. मध्यरात्र उलटली होती. अशोकची गाडी पोलिसांनी दुसऱ्या रांगेत घातली, आणि उमैर एकटा पडला.

त्याला डुलकी लागली होती. जाग आली ती गाड्यांच्या आवाजानं. रांग सरकत होती. मागच्या गाड्या त्याला वळसा घालून पुढं जात होत्या. त्याचं दार कुणी वाजवलं नव्हतं.

त्यानं समोर पाहिलं.

पांढरी केबिन. निळी ताडपत्री. ती गाडी जागची हलली नव्हती. तिच्यापुढं बरीच जागा मोकळी झाली होती. वळसा घालणारा प्रत्येक जण त्या गाडीजवळ आला की काच वर करत होता. हॉर्न नाही. शिवी नाही. हॉर्नशिवाय रांग त्या बॉर्डरवर सिराजनं जन्मात पाहिली नाही.

उमैर खाली उतरला. मोबाइलचा उजेड पाडून वाकला.

वाळू कोरडी होती.

वर एसी घुमत होता. खाली एक थेंब नाही.

तो मागं फिरला. आपल्या गाडीपाशी आला. पायरीवर पाय ठेवला. स्टिअरिंग वळवायचं, वळसा घालायचा, पुढं जायचं. एवढंच तर करायचं होतं.

पण पाय वर जाईना. सिराजला त्यानं नंतर सांगितलं, "मामू, मला वाटलं, आतमध्ये अब्बा आहेत."

तो परत गेला. दार वाजवलं. तीनदा.

"भाई... उठो. लाइन चली."

काही नाही.

पुन्हा वाजवलं. पत्रा थंड होता. सप्टेंबरात, खफजीत, पत्रा थंड.

आणि मग त्याच्या तोंडून घरची हाक गेली. "ओ... कोण आहे रे?"

आत एसी बंद झाला.

मग आवाज आला. झोपेतून उठलेल्या माणसाचा. हिंदी नाही, अरबी नाही. आपल्या खाडीकडची बोली, आपल्याच हेलात.

"नंबर आला काय रे माझा?"

उमैर म्हणाला, "...आला."

थोडा वेळ गेला.

"बरं झालं उठवलंस. कुणी उठवत नाही." मग पुन्हा. "तू झोप आता. मी उठवीन तुला."

उमैर आपल्या गाडीत कसा चढला त्याला आठवत नाही. समोर पाहिलं तर रस्ता रिकामा. थेट बॅरिअरपर्यंत रिकामा. पुढं गाडी नव्हतीच.

त्यानं आरशात पाहिलं.

मागं उभी होती. पांढरी केबिन, निळी ताडपत्री.

दुआ माझ्याजवळ सरकून बसली. म्हणाली, "मामू, स्टॉप. प्लीज." पण उठून आत गेली नाही. लांब समुद्रात तेलाच्या विहिरीवरची आग दिसत होती, तिच्याकडे बघत राहिली.

फरशा पोचल्या. त्यात काही अडचण आली नाही. कागदावर सही झाली, कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "गुड." कुवेतच्या गोदामाबाहेर, भिंतीच्या कडेला गाडी लावून उमैर झोपला.

डोळा लागला, आणि दार वाजलं. तीनदा.

"ए, ऊठ. लाइन सरकली."

बाहेर कुणी नव्हतं. रांगही नव्हती. भिंत होती.

असं पहिल्या दिवशी झालं. मग रोज. रात्री झोपला तरी, दुपारी झोपला तरी. डोळा लागला की वाजलंच. दम्मामला कामगारांच्या कॅम्पात त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. तिथं दाराशी कुणी आलं नाही. खिडकीची काच वाजली. बाहेर सज्जा नाही, पाइप नाही, काही नाही. खोलीतल्या बाकीच्यांना ऐकू येत नव्हतं. ते म्हणायचे, "घर की याद आ रही है, ठीक हो जाएगा."

इथल्या इस्पितळात आपली एक मराठी डॉक्टरीणबाई आहे. तिनं तपासलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी शरीर झोपलं. कान झोपले नाहीत. हात हलत नाही, डोळा उघडत नाही, आणि दार वाजतंय. तासन् तास. गोळ्या त्यानं कचऱ्यात टाकल्या.

एकदा अशोकची गाडी दुरुस्तीला होती, तो उमैरबरोबर निघाला. त्याची अवस्था पाहून म्हणाला, "तू मागं आडवा हो. गाडी मी हाणतो." हायवे, गाडी शंभराच्या वेगात. दोन्हीकडं वाळवंट, मध्ये सरळ पट्टी. उमैर सीटमागच्या फळीवर झोपला. घोरायला लागला.

दार वाजलं.

बाहेरून. उमैरच्या बाजूचं. शंभराच्या वेगात.

ते अशोकनं ऐकलं. त्यानं ब्रेक मारला नाही, आरशात पाहिलं नाही. दम्मामला पोचला. गाडी लावली, किल्ली उमैरच्या हातात दिली, आणि त्याचा हात बराच वेळ सोडलाच नाही.

मी सिराजला विचारलं, "आणि हा पोरगा घरी का गेला नाही? चुलीत गेला तो इकामा."

"आपा, विचारलं मी."

सादियाला त्यानं फोनवर सांगितलं होतं, झोप येत नाही. ती म्हणाली, "मला तरी इथं कुठं येते? तुमचा लेक रात्रभर जागवतो." मग म्हणाली, "अब्बूंनी गावात सांगितलंय, जावई आता मोठी गाडी चालवतो. दोन महिने राहिले ना. काढा कसे तरी." तिला काय माहीत. मी तिला दोष देत नाही. दोष द्यायचा तर त्या गावाला देते, जिथं परत आलेल्या माणसाला मेलेल्या माणसापेक्षा जास्त बोलतात. मीही अशाच गावातली. मीही बोललेली असेन कुणाला तरी.

उमैर कागद घ्यायला यायचा तेव्हा सिराजच्या टेबलासमोर बसायचा. डोळे आत गेलेले. एक दिवस दार लावून घेऊन त्यानं हे सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "मामू, माझं चुकलं काय?"

सिराज म्हणाला, "नाही."

नव्हतंच चुकलं. चुकलं असतं तर तोबा करता आली असती. चांगलं केल्याची तोबा कशी करणार?

सिराजनं त्याला म्हटलं, "तो तुझ्या मागं आहे म्हणून उठवतो. मग त्याला वाट दे. पुढं जाऊ दे त्याला."

"दिली, मामू. खूपदा दिली. कडेला थांबतो, तोही थांबतो. हात केला, जा म्हटलं. एकदा खाली उतरून विचारलंसुद्धा, का जात नाहीस?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माझा नंबर तुझ्या मागं आहे. आधी तू, मग मी."

सिराजनं चहाचा पेला खाली ठेवला. खाली रस्त्यावरून एक ट्रेलर गेला, त्याची घरघर लांबपर्यंत येत राहिली.

"मग?" शारीक म्हणाला.

मग डिसेंबर आला. तीन महिन्यांतले थोडेच दिवस उरले होते. उमैर माणसासारखा दिसत नव्हता. गाडी चालवताना तो स्वतःच्या गालावर चापट्या मारायचा, लिंबू चावायचा, मोठ्यानं कलमा म्हणायचा. सगळ्या ड्रायव्हरांना माहीत झालं होतं. कुणी त्याच्या मागं गाडी लावत नसे. त्याच्या मागं नेहमी एका गाडीची जागा रिकामी राहायची. रिकामी... म्हणजे लोकांना दिसायची तशी रिकामी.

त्या रात्री बॉर्डरवर रांग लांब होती. थंडी होती, वारा होता. अशोक चार गाड्या मागं होता. त्यानं पाहिलं, उमैरच्या मागं जागा आहे. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यानं गाडी रांगेतून काढली, पुढं आणली, आणि त्या रिकाम्या जागेत घातली.

शिरताना गाडी जड झाली, असं तो म्हणाला. जणू काही ढकलावं लागतंय. पण शिरली.

उमैर खाली उतरून धावत आला. अशोकला खालूनच म्हणाला, "भाऊ, तुम्ही मागं आहात?"

"मी आहे."

"मग त्याला जागा नाही."

"नाही."

उमैर तिथंच रस्त्यावर उभा राहिला. वाऱ्यानं शर्ट फडफडत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"भाऊ, एक रात्र. मला उठवू नका. रांग सरकली तरी उठवू नका. माझा नंबर गेला तर जाऊ दे. मला फक्त झोपू द्या."

"झोप," अशोक म्हणाला. "मी आहे मागं. कुणी येत नाही."

उमैर गाडीत चढला. दिवा मालवला. अशोक जागा राहिला. कान देऊन ऐकत राहिला. एक तास. दोन तास. दार वाजलं नाही.

रांग सरकली. अशोकनं त्याला उठवलं नाही. जागाही सोडली नाही. मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो खाली उतरून सांगत होता, "पोरगा झोपलाय. तीन महिन्यांनी झोपलाय. वळसा घाल." पठाणानं मान हलवली. मिसरी ड्रायव्हरनं छातीवर हात ठेवला. सगळे हळूच गेले. एकानं जाताना इंजिनाचा आवाजसुद्धा कमी केला. इतकी माया त्या रांगेत कुणी कुणाला दाखवली नव्हती.

रात्र गेली. पहाटेची फजर झाली. उजाडलं. ऊन वर आलं. लोक वळसा घालत राहिले.

सिराज त्याचे कागद घेऊन आला तेव्हा दुपार होत आली होती. अशोक तिथंच, आपल्या गाडीच्या पायरीवर बसलेला. तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "मामू, हळू."

सिराज उमैरच्या गाडीवर चढला. काचेतून पाहिलं. उमैर कुशीवर झोपला होता, हात गालाखाली.

सिराजनं काच वाजवली.

पुन्हा वाजवली.

मग त्यानं अशोककडे पाहिलं. अशोकला कळलं. तो उठला नाही. तिथंच बसून राहिला, आणि पायरीवरच्या वाळूवर बोटानं रेघ ओढत राहिला. पुढं, मागं, पुढं, मागं.

डॉक्टर म्हणाले, रात्रीच गेला, पहिल्याच झोपेत. हृदय थांबलं. वय एकोणतीस.

दुआ रडत होती. मी तिला आत जा म्हटलं नाही. रडू दे. असल्या गोष्टीला रडू आलं नाही तर माणूस कशाला म्हणायचं?

इथंच पुरला त्याला, खफजीत. सादियानं फोनवर सिराजला एकच विचारलं, "झोप लागली होती का हो त्यांना?" सिराज म्हणाला, "हो." ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. अशोक त्या महिन्याअखेर गावी गेला. आता ट्रॅक्टरसुद्धा चालवत नाही म्हणे.

मग शारीकनं विचारलं. एवढा आडदांड पोरगा, पण आवाज लहान झाला होता.

"मामू... रविवारी रांगेत समोर तशी गाडी आली, तर मी काय करू? दार वाजवू की पुढं जाऊ?"

सिराजनं चहा उचलला. प्यायला नाही.

"आणि मला झोप लागली, तर मला उठवू द्यायचं की नाही?"

शारीक माझ्याकडे वळला.

"दादी?"

माझ्याकडे सगळ्यांसाठी उत्तरं असतात. मौलवीला दिलीत, पोलिसांना दिलीत, या पोरांच्या बापाला तर जन्मभर देते आहे. त्या रात्री त्याला नको जाऊस म्हणायचं होतं. पण मग तो घरी बसणार, आणि लोक म्हणणार, शारीक बसला. मी त्याच्या पेल्यात चहा ओतला.

सिराज उठला. गच्चीच्या कठड्याशी गेला. तिथून बॉर्डरच्या बाजूचे दिवे दिसतात. पाठ आमच्याकडे ठेवूनच बोलला.

"त्याचा ट्रेलर पोलिसांच्या आवारात आहे, आपा. मागच्या कुंपणाला लावलेला. कागद अजून सुटले नाहीत. किल्ली त्यांच्या कपाटात. बॅटरी काढून नेली कुणीतरी. पुढच्या दोन टायरांत हवा नाही."

"बरं, मग?"

"मी रोज सकाळी तिथून जातो. आधी तो कुंपणाला टेकून होता. आता मध्ये आलाय."

वारा आला. खाली कुणाच्या तरी घराचं दार आपटलं.

"एकदम नाही. एका वेळी एक गाडीभर अंतर. चौकीदार म्हणतो, मी हलवला नाही. मी स्वतः वाकून बघितलं, आपा. वाळूत टायरांचा माग आहे. कुंपणापासून निघालेला. सरळ. फाटकाच्या दिशेनं."

त्यानं कठडा धरला.

"आणि त्या मागाच्या मागं... तेवढंच अंतर सोडून... दुसरा एक माग आहे."